लिहून मीटिंग घ्यायची: व्हॉट्सॲपवर की टेलिग्रामवर?

ऐरोलीच्या एका मैत्रिणीची नऊ जणांची टीम आहे, काही ठाण्यात, काही घणसोलीत. सोमवारची मीटिंग ग्रुपवरच लिहून घ्यायची, पण कुठे, यावर तिचं ठरेना. मी दोन्हीकडे अशा मीटिंगा चालवल्यात, म्हणून सांगते.

खर्च दोन्हीकडे शून्य. मेहनत मात्र टेलिग्रामला जास्त. बऱ्याच जणांच्या फोनमध्ये ते नसतंच, असलं तरी नोटिफिकेशन बंद. व्हॉट्सॲप सगळे उघडतात, ट्रान्स-हार्बरच्या लोकलमध्ये उभ्या उभ्यासुद्धा.

खरा फरक गोंगाटात पडतो. व्हॉट्सॲपवर बजेटची चर्चा रंगात आली की मध्येच कुणीतरी सुट्टीचं विचारतं आणि मूळ प्रश्न वर वाहून जातो. फक्त ॲडमिनलाच लिहू दिलं तर बाकी सगळे गप्प. टेलिग्रामच्या ग्रुपमध्ये टॉपिक करता येतात: ‘बजेट’ वेगळं, ‘सुट्ट्या’ वेगळ्या. शिवाय स्लो मोड आहे. 30 सेकंद लावले की ॲडमिन सोडून प्रत्येकाला दोन मेसेजमध्ये तेवढं थांबावंच लागतं, मग माणसं तुकडे पाडत नाहीत, पूर्ण वाक्य लिहितात. हळू टाइप करणाऱ्याचंही म्हणणं त्यामुळे पुढे येतं. मला हे फार मोलाचं वाटतं.

गोपनीयतेत व्हॉट्सॲप सरस. त्याच्या ग्रुपचे मेसेज एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड असतात, म्हणजे ग्रुपबाहेर कुणालाच, कंपनीलाही, वाचता येत नाहीत; टेलिग्रामच्या ग्रुपचे तसे नसतात. पगाराचे आकडे टेलिग्रामवर नकोतच.

पाच-सहा जण, एकच विषय, पंधरा मिनिटं असतील तर व्हॉट्सॲप पुरतं. दर आठवड्याला चार विषय आणि नंतर निर्णय शोधायची वेळ येत असेल तर टेलिग्राम. मैत्रिणीला मी टेलिग्रामच सुचवलं.