निक्को की तोगाकुशी?

टोकियोत मुक्काम आणि हाताशी एकच दिवस असेल, तर निक्को सोपं. असाकुसाहून रेल्वेने साधारण दोन तास. तिथलं तोशोगू हे शोगुन (लष्करी सत्ताधीश) तोकुगावा इएयासूचं देवस्थान. १६१७ साली उभं राहिलं, १६३६ मध्ये नातवाने आजच्या थाटात बांधून घेतलं. योमेइमोन दरवाजावर पाचशेहून जास्त कोरीव शिल्पं, जिकडे तिकडे सोनं. आपण गांधीजींची म्हणतो त्या तीन माकडांचं प्रसिद्ध शिल्प इथलंच. गर्दीही इथलीच! समाधीकडे जाताना दारावर एवढीशी झोपलेली मांजर कोरली आहे. मान वर केली नाही तर हुकते. पुढे २०७ पायऱ्या.

तोगाकुशी नागानो शहराहून बसने तासाभरावर. देवळं पाच, पण खरं जायचं ते ओकुशाला, म्हणजे सर्वांत आतल्या देवळाला. दोन किलोमीटर पायी, निम्म्या वाटेवर गवताने शाकारलेला लाल दरवाजा, आणि तो ओलांडला की दुतर्फा चारशे वर्षांचे सुगी (जपानी देवदार) वृक्ष. आवाजच बदलतो. सूर्यदेवी अमातेरासू लपलेल्या गुहेचं दगडी दार एका देवाने भिरकावलं, ते इथे पडून डोंगर झाला, अशी कथा. शेवटचा चढ दमवतो, आणि वरचं देऊळ अगदी साधं.

माझं मत तोगाकुशीला. उतरल्यावर सोबा खाच: कुट्टूच्या थंड शेवया, बांबूच्या रोवळीत छोट्या जुड्या करून मांडलेल्या.