स्कोफिल्ड बायबल: आठ महिने वापरल्यानंतर

जुन्या पुस्तकांच्या दुकानातून घेतलं. इंग्रजी बायबल, पानाखाली स्कोफिल्ड या अमेरिकन धर्मोपदेशकाच्या टीपा. १९१७ ची सुधारित आवृत्ती. पहिली १९०९ ची, ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसची. विकणारा म्हणाला, बाइंडिंग ठणठणीत आहे. तिसऱ्याच आठवड्यात दानीएलाच्या पुस्तकाचा भाग सुटा होऊन हातात आला. फेविकॉलने बसवलाय.

मधल्या रकान्यातली संदर्भांची साखळी झकास. एखादा विषय पहिल्या वचनापासून शेवटच्यापर्यंत धरून नेते. त्यासाठीच पैसे वसूल.

खरा मामला मात्र खालच्या टीपांचा. आमच्या चर्चमध्ये लहानपणापासून ऐकलेलं, मंडळी, म्हणजे ख्रिस्ताला मानणारे सगळे, हेच नवं इस्राएल. सायरस स्कोफिल्ड म्हणतात, छे, दोन्ही खाती वेगळी. अब्राहामाला दिलेलं जमिनीचं वचन यहुद्यांचंच. मंडळी मधल्या काळातली. हा विचार १८३० च्या दशकात जॉन डार्बी या धर्मोपदेशकांनी मांडला, घरोघर पोचवला या टीपांनी. दानीएल ९ मधली सत्तर सप्तकं, म्हणजे सात-सात वर्षांचे सत्तर काळ, घ्या. एकोणसत्तर झाली आणि घड्याळ थांबलं. उरलेलं एक, म्हणजे सात वर्षांचं महासंकट, अजून यायचंय. त्याआधी मंडळी मेघारूढ होऊन वर जाणार, नंतर ख्रिस्ताचं हजार वर्षांचं राज्य.

पहिले दोन महिने मी पार भारावलो होतो. पॅलेस्टाइन तुर्की साम्राज्यात असताना हे लिहिणारा यहुदी परततील म्हणतो, आणि १९४८ ला राष्ट्र उभं राहतं! अलिबागकडचे बेने इस्राएल, म्हणजे आपले मराठी बोलणारे यहुदी, तेही तिकडे गेलेच की. (ते इस्राएलमधल्या लोद, दिमोनाला जाऊन मराठी बोलत राहिले, हे कुठल्या टीपेत बसवायचं ते मला अजून सुचलेलं नाही.)

मग बायबल अभ्यासाच्या बैठकीत माझी फजिती झाली. यहेज्केल ३८ वर बोलताना मी ठासून म्हणालो, "इथे मॉस्कोचा उल्लेख आहे." समोरच्या मावशींनी चष्मा लावला, आपलं मराठी पवित्र शास्त्र उघडलं, बोटाने ओळी चाळल्या. "बाळा, कितवं वचन?" वचनात होते मेशेख आणि तुबाल. त्यांचा अर्थ मॉस्को आणि तोबोल्स्क, ही रशियातली शहरं, हे टीपेत. मी टीपच वचन म्हणून सांगत होतो आणि मला पत्ताही नव्हता. उत्पत्तीच्या पानावर जगाच्या निर्मितीचं म्हणून छापलेलं ख्रिस्तपूर्व ४००४ हे सालही मी असंच गिळलं होतं.

त्यानंतर रोमकरांस पत्राचा ११ वा अध्याय टीपा झाकून वाचला. तिथे जैतुनाचं झाड एकच. काही फांद्या तोडलेल्या, रानटी फांद्या कलम केलेल्या. दोन खाती या झाडावर कुठे मांडायची? पण आमच्या 'नव्या इस्राएल'वाल्यांचीही सुटका नाही, कारण तोडलेल्या फांद्या पुन्हा लावता येतात असं हे पत्र लिहिणारा पौल म्हणतो आणि २६ व्या वचनात 'सर्व इस्राएल' तारलं जाईल असं सरळ लिहितो. चर्चमध्ये हे वचन घाईघाईत वाचून पुढे जाताना मी ऐकलंय.

घ्यायचं का? आधी साधं बायबल दोनदा वाचून झालं असेल, तर जरूर. पहिलंच बायबल म्हणून घेऊ नका. १९६७ ची आवृत्तीही मिळते, पण तिच्या टीपा बदललेल्या आहेत. घेताना साल बघा.

मी आता पुठ्ठ्याची पट्टी कापून ठेवलीय. पानाचा खालचा भाग झाकायचा, वचन वाचायचं, मग पट्टी सरकवायची. काही पानांवर टीपा इतक्या वर चढल्यात की पट्टी पुरत नाही. तिथे हात ठेवतो.