मरणपंथाला लागलेली हार्ड डिस्क: विकतचे सॉफ्टवेअर, प्रयोगशाळा की डीडीरेस्क्यू?

जुन्या संगणकाची हार्ड डिस्क वाचेनाशी झाली आणि तिच्यावरच्या घरगुती फायलींची दुसरी प्रत कुठेच नाही हे लक्षात आले, की समोर तीन वाटा असतात. विंडोजवर चालणारे विकतचे रिकव्हरी सॉफ्टवेअर घेऊन ते थेट त्या डिस्कवर चालवावे. डिस्क मुंबई, पुणे किंवा बंगळूरच्या डेटा रिकव्हरी प्रयोगशाळेकडे पाठवावी. किंवा लिनक्सवरच्या जीएनयू डीडीरेस्क्यूने आधी संपूर्ण डिस्कची इमेज, म्हणजे एका फायलीत उतरवलेली हुबेहूब प्रत, काढून घ्यावी आणि फायलींचा शोध त्या इमेजमध्ये घ्यावा. गेल्या पावसाळ्यात पहिली वाट मी अर्ध्यावर सोडली, दुसरीच्या दारापर्यंत जाऊन आलो आणि तिसरी शेवटपर्यंत चाललो. त्यामुळे पुढे जे लिहितो आहे ते एका डिस्कच्या अनुभवावरचे आहे, हे वाचणाऱ्याने ध्यानात ठेवावे.

ती डिस्क माझ्या वडिलांची होती. आमच्या गावच्या जत्रेत दरवर्षी मराठी नाटक होते आणि त्या नाटकांच्या संहिता, घुमट या मातीच्या वाद्यावर म्हटल्या जाणाऱ्या आरत्यांचा संग्रह, देवस्थानच्या स्मरणिकेचा मजकूर हे सगळे वडिलांनी दहाएक वर्षे स्वतः टाइप केले होते. ८० जीबीची, चाळीस पिनांची, आयडीई या जुन्या जोडणीची डिस्क. गोव्यातल्या फोंडा तालुक्यातल्या आमच्या घराच्या माळ्यावर पावसाळ्यांमागून पावसाळे काढलेली. बाहेर काढली तेव्हा पॉवरच्या पिनांवर हिरवट थर जमला होता. तो आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून, यूएसबी अडॅप्टर लावून डिस्क सुरू केली तेव्हा मोटर नीट फिरली, कसलाही वावगा आवाज आला नाही, संगणकाला डिस्क दिसलीही. परंतु फोल्डर उघडायला पाच-पाच मिनिटे लागू लागली आणि शेवटी विंडोजने ही डिस्क वापरण्यापूर्वी फॉरमॅट करावी लागेल असे सांगितले. या प्रश्नाला कधीही होकार देऊ नये, हे बहुतेकांना ठाऊक असतेच.

स्मार्टच्या, म्हणजे डिस्क स्वतःच्या प्रकृतीबद्दल ठेवते त्या, नोंदींत १९७ क्रमांकाच्या रकान्यातली संख्या वाढलेली होती. नीट वाचता न आल्यामुळे बदलले जाण्याच्या प्रतीक्षेत असलेले सेक्टर, म्हणजे डिस्कवरचे साठवणुकीचे छोटे कप्पे, त्यात मोजले जातात. इथे एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. हे रकाने कोरे दिसले म्हणजे डिस्क ठणठणीत आहे, असा अर्थ काढू नये. गूगलच्या संशोधकांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, बंद पडलेल्या डिस्कपैकी निम्म्याहून अधिक डिस्कच्या चार मुख्य नोंदींपैकी एकीतही काही दिसले नव्हते. म्हणून आकडे बरे दिसतात तोवर थांबू, असे म्हणत दिवस काढणे मला धोक्याचे वाटते.

मी पहिल्यांदा विकतचे सॉफ्टवेअर निवडले आणि त्या निवडीत काही चूक होती असे आजही म्हणणार नाही. ही सॉफ्टवेअरे वापरायला सोपी असतात, एनटीएफएसची, म्हणजे विंडोजच्या फायली मांडण्याच्या पद्धतीची, मोडलेली रचना बरीच चांगली जुळवतात, फोल्डरांची नावे जागच्या जागी दाखवतात आणि पैसे भरण्याआधी फाइल उघडून पाहू देतात. डिस्क धडधाकट असेल आणि फायली केवळ चुकून पुसल्या गेल्या असतील किंवा पार्टिशन, म्हणजे डिस्कचा आखलेला भाग, उडाले असेल, तर अशा सॉफ्टवेअरने एका संध्याकाळी काम होते आणि त्याहून अधिक खटाटोप करण्याची गरज नसते. मी घेतलेल्या सॉफ्टवेअरनेही पहिल्या दोन तासांत वडिलांच्या फोल्डरांची नावे दाखवली, तेव्हा माझा जीव भांड्यात पडला होता.

अडचण आली ती विजेची. आमच्याकडे जूनच्या पहिल्या सरींपासून वीज कधी जाईल याचा नेम नसतो. माडाचे एखादे चुडत तारांवर पडले तरी अख्खा वाडा अंधारात जातो, आणि माझा यूपीएस जेमतेम वीस मिनिटे टिकतो. पहिल्या वेळी एकोणीस तास स्कॅन चालल्यावर वीज गेली. परत आल्यावर सॉफ्टवेअर उघडले तर त्याला आधीच्या एकोणीस तासांतले काहीही आठवत नव्हते. ते पुन्हा डिस्कच्या पहिल्या सेक्टरपासून वाचू लागले. दुसऱ्या वेळी बारा तासांनी तेच झाले. तिसऱ्या वेळी वीज टिकली, परंतु अर्ध्यावर डिस्कमधून हलकेच टक, टक असा आवाज आला आणि मी पळत जाऊन अडॅप्टरचे बटण बंद केले.

माझा निर्णय खरे तर त्या आवाजाने केला. वेळ वाया गेल्याचे मला फारसे वाईट वाटले नाही. वाईट याचे वाटले की त्या प्रत्येक नव्या सुरुवातीने डिस्कला तीच दुखरी जागा पुन्हा पुन्हा वाचायला लावले होते. खराब सेक्टर आला की डिस्क आपणहून अनेकदा प्रयत्न करते, एकेका सेक्टरवर कित्येक सेकंद घालवते, आणि ज्या ठिकाणी चकतीचा पृष्ठभाग बिघडलेला असेल तिथेच हेड, म्हणजे डिस्कचे वाचणारे टोक, घुटमळत राहते. अशा डिस्कच्या हातात किती वाचने शिल्लक आहेत हे कुणालाच माहीत नसते. ती पहिल्या फेरीतच सत्कारणी लागायला हवीत. काही सॉफ्टवेअरांत अपुऱ्या स्कॅनची स्थिती जतन करण्याची सोय असते, आणि ती असेल तर माझी तक्रार निम्मी कमी होते. उरलेली निम्मी मात्र राहतेच, कारण स्कॅन आणि फायली उतरवणे ही दोन्ही कामे ते आजारी डिस्कवरच करते, म्हणजे तीच डिस्क दोनदा वाचावी लागते.

त्यानंतर मी डिस्क आठ दिवस बाजूला ठेवली आणि प्रयोगशाळेची चौकशी केली. फोंड्यातल्या एका संगणक दुरुस्तीच्या दुकानदाराने सरळ सांगितले की तो स्वतः डिस्क उघडत नाही, पुढे मुंबईला पाठवतो. तपासणीनंतर नक्की आकडा कळेल, परंतु हेड बदलावे लागले तर २५,००० रुपयांच्या आसपास धरून चालावे. हा आकडा मला अवाजवी वाटला नाही. डिस्क उघडायला धूळविरहित स्वच्छ कक्ष लागतो, त्याच जातकुळीची दुसरी डिस्क मिळवून तिचे हेड काढून बसवावे लागतात, आणि हेड व चकती यांतले अंतर इतके सूक्ष्म असते की धुळीचा एक कणही ओरखडा पाडू शकतो. सर्किट बोर्ड जळला असेल तरीही केवळ दुसऱ्या डिस्कचा बोर्ड लावून आता भागत नाही, कारण त्या त्या डिस्कची खास जुळणी बोर्डवरच्या रॉम चिपमध्ये असते आणि तीही हलवावी लागते. हे घरी करण्याचे काम नव्हे.

म्हणून डिस्क सुरू होताक्षणी सतत टकटकत असेल, फिरतच नसेल किंवा पडलेली असेल, तर पुढचे काही वाचण्याआधी तिची वीज काढावी आणि प्रयोगशाळेचाच विचार करावा, असे माझे नम्र मत आहे. फ्रीझरमध्ये ठेवण्याचा उपाय अजून कुणीतरी सुचवतोच. बहुतेक डिस्कांना हवेचे एक बारीक छिद्र असते. गोव्याच्या दमट हवेत गार डिस्क बाहेर काढली की बाहेर दिसते तसेच दव आत चकतीवरही धरू शकते. तो प्रयोग कृपा करून करू नये.

माझी डिस्क मात्र त्या अवस्थेला पोचली नव्हती. टकटक एकदाच झाली होती आणि पुन्हा लावल्यावर डिस्क ओळखली जात होती. २५,००० रुपये देण्याची तयारी मनाशी ठेवून, त्याआधी एकदा डीडीरेस्क्यू करून पाहायचे ठरवले. यात मी थोडा धोका पत्करला हे मान्य करतो; ज्या फायलींवाचून कुणाचे पोट किंवा खटला अडलेला असेल, त्याने माझ्या मागे येण्यापूर्वी दोनदा विचार करावा.

डीडीरेस्क्यू हे आन्तोनियो दियास दियास यांनी लिहिलेले मोफत सॉफ्टवेअर आहे. पेन ड्राइव्हवरून लिनक्स सुरू करून ते चालवता येते. डेबियन आणि उबुंटूमध्ये त्याचे पॅकेज जीडीडीरेस्क्यू या नावाने मिळते. त्याला फाइल, फोल्डर, एनटीएफएस यांतले काहीही कळत नाही, आणि तेच त्याचे बळ आहे. ते आधी जे सहज वाचता येते ते उचलते, अडखळले की पुढे उडी मारते, चांगला भाग हाती आल्यावरच मागे राहिलेल्या जागांच्या कडा तासते, आणि अगदी शेवटी एकेका सेक्टरला हात घालते. जुन्या डिस्कची शक्ती आधी चांगल्या भागावर खर्च व्हावी, हा विचार त्याच्या रचनेतच आहे.

त्याहून मोलाची गोष्ट म्हणजे मॅपफाइल. कुठून कुठवर वाचून झाले, कुठे अडले, कुठे अजून हातच लावलेला नाही, हे ते एका साध्या मजकुराच्या फायलीत टिपून ठेवते आणि काम चालू असताना ती वरचेवर जतन करत राहते. ही फाइल मी उघडून पाहिली आहे: वाचून झालेल्या पट्ट्यापुढे अधिकचे चिन्ह, वाचता न आलेल्यापुढे वजाचे, आणि अजून न पाहिलेल्यापुढे प्रश्नचिन्ह. चवथीच्या आदल्या आठवड्यात माझे काम चालू असताना वीज चार वेळा गेली. चारही वेळा तीच आज्ञा तशीच्या तशी पुन्हा दिली आणि काम जिथे थांबले होते तिथून पुढे सुरू झाले. झालेला भाग त्याने परत वाचला नाही. गोव्यात पावसाळ्यात हे काम करणाऱ्याला याची किंमत वेगळी समजावून सांगावी लागणार नाही.

पहिल्या फेरीत साधारण सहा तासांत बहुतेक सगळी डिस्क हाती आली आणि सव्वा जीबीच्या आसपास भाग मागे राहिला. पुढचे चार दिवस त्या उरलेल्या भागातच गेले. मध्ये डिस्क तापते असे वाटले की मी काम थांबवून तिला निवू देत असे, आणि मॅपफाइल असल्यामुळे थांबण्याची भीती नव्हती. शेवटी ४० एमबीच्या जरा पुढे एवढेच वाचता आले नाही. त्यानंतर तो आकडा हलेना, तेव्हा मी डिस्क काढून ठेवली.

त्याच्या उणिवाही सांगायला हव्यात. समोर चित्र नाही, बटणे नाहीत, आज्ञा हाताने टाइप करावी लागते, आणि कोणती डिस्क जुनी व कोणती नवी हे ओळखण्यात चूक होईल म्हणून नवा माणूस घाबरतो. माझा सल्ला असा की प्रत दुसऱ्या डिस्कवर थेट न उतरवता, मोठ्या डिस्कवर इमेजची एक फाइल म्हणूनच घ्यावी. प्रत्यक्ष डिस्कवर लिहायचे असेल तर डीडीरेस्क्यू वेगळी, मुद्दाम द्यावी लागणारी परवानगी मागते, त्यामुळे दोन नावांची अदलाबदल झाली तरी ते काम नाकारते. इमेजसाठी जुन्या डिस्कच्या क्षमतेइतकी मोकळी जागा लागते, आणि पुढे काढलेल्या फायलींसाठी तेवढीच आणखी ठेवलेली बरी. एक्स्टर्नल डिस्कच्या बाबतीत आणखी एक सावधगिरी हवी: काही डिस्कांच्या पेटीतला बोर्डच मजकूर कूटबद्ध करतो, तेव्हा पेटी फोडून आतली डिस्क दुसऱ्या अडॅप्टरला लावली तर काहीच अर्थ लागत नाही. आणि एसएसडीवरून, म्हणजे फिरती चकती नसलेल्या डिस्कवरून, पुसलेल्या फायलींबद्दल मात्र तिन्ही वाटांपैकी कुठल्याच वाटेकडून फार आशा ठेवू नये, कारण ट्रिम, म्हणजे पुसलेल्या फायलींची जागा मोकळी करून टाकण्याची सोय, चालू असेल तर ती जागा बहुधा आधीच रिकामी झालेली असते.

इमेज हाती आल्यावर मात्र जीव शांत होतो. तिची एक प्रत बाजूला ठेवून दुसरीवर वाटेल ते प्रयोग करता येतात. मी टेस्टडिस्क या सॉफ्टवेअरने एनटीएफएसचे पार्टिशन उघडले आणि बहुतेक फायली नावांसकट काढल्या. जिथे फोल्डरांची नोंदच खराब भागात गेली होती तिथे फोटोरेक चालवले. ते फायलींच्या रचनेवरून त्यांना हुडकते, परंतु नावे देत नाही, त्यामुळे चवथीचे शेकडो फोटो नुसत्या क्रमांकांनी हाती आले आणि ते लावायला मला आणि माझ्या बहिणीला दोन रविवार लागले. नावे आणि फोल्डर जुळवण्यात विकतचे सॉफ्टवेअर याहून सरस आहे, हे मी प्रामाणिकपणे सांगतो. ते घेतलेले असेल तर फुकट जात नाही. ते इमेजवर चालवावे, एवढेच माझे म्हणणे आहे.

आता एक गोष्ट अशी सांगतो जी मराठीसारख्या भाषांतल्या जुन्या फायलींच्या बाबतीत घडते. वडिलांनी सगळे युनिकोडपूर्व काळातल्या फाँटमध्ये टाइप केले होते. संहितेची फाइल सुखरूप उघडली तेव्हा पडद्यावर इंग्रजी अक्षरे, उद्गारचिन्हे आणि कंस यांची नुसती रांग होती, कारण त्या पद्धतीत देवनागरी अक्षर फक्त फाँटमध्ये असते, फायलीत नसते. विकतच्या सॉफ्टवेअरमध्ये मी सुरुवातीला डॉक्युमेंट आणि फोटो एवढ्यावरच खूण केली होती. त्या वाटेने फायली मिळाल्या असत्या तरी वाचता आल्या नसत्या. इमेजमध्ये मात्र विंडोजचा फाँट्सचा फोल्डर जसाच्या तसा आला होता. त्यातून तो फाँट काढून माझ्या संगणकात बसवला, फाइल पुन्हा उघडली, आणि पहिल्या पानावर नाटकाचे नाव, त्याखाली पात्रांची यादी व प्रत्येक पात्रापुढे त्या वर्षी ती भूमिका कुणी केली त्याचे नाव दिसले. एका संहितेतली दुसऱ्या अंकाची तीन पाने त्या ४० एमबीत गेली आहेत. त्या नाटकात काम केलेल्या काकांना संवाद अजून पाठ आहेत, आणि येत्या जत्रेपूर्वी ते सांगतील तसे मी लिहून घेणार आहे.