‘म्युझिक’ वाणाचं लसूण बेणं: घ्यावं की नाही?

हार्डनेक, म्हणजे मधोमध कडक फुलदांडा येणारा लसूण पहिल्यांदाच लावत असाल, तर ‘म्युझिक’पासून सुरुवात करावी. हार्डनेकमधल्या पोर्सेलीन गटातला, इटलीतून कॅनडात गेलेला हा वाण थंडीला दाद देत नाही. एका गड्ड्यात चार ते सहाच पाकळ्या, पण सगळ्या टपोऱ्या. कडक दांड्याभोवती एकाच रांगेत बसत असल्यामुळे आत सोलायला नकोशी वाटणारी बारीक पाकळी निघत नाही.

खटकणारी गोष्टही हीच. पाकळ्या कमी म्हणजे तेवढ्याच वाफ्याला बेणं जास्त लागतं, आणि पुढच्या लागवडीसाठी दरवर्षी पिकाचा चौथा-पाचवा हिस्सा बाजूला काढावा लागतो.

बेणं हातात आल्यावर आधी गड्ड्याचा तळ दाबून पाहा. मऊ लागला, मुळांची चकती सुटत असली किंवा बुरशी दिसली, तर परत करा. पांढऱ्या कुजीची बुरशी एकदा मातीत शिरली की वीस वर्षंसुद्धा हटत नाही. पाकळ्या लागवडीच्या आदल्या दिवशीच सुट्या करा, साल निघू देऊ नका. सर्वांत मोठ्या पाकळ्या लावायला, लहान स्वयंपाकाला. शेंडा वर ठेवून 5 सें.मी. खोल, 15 सें.मी. अंतरावर लावा. जमीन गोठते तिथे गोठण्याआधी चार ते सहा आठवडे, म्हणजे मुळं धरतात पण पात फारशी वाढत नाही. वर 10 ते 15 सें.मी. पेंढ्याचं आच्छादन हवंच.

‘गड्डाच धरला नाही, नुसता गोल कांदा आला’ ही तक्रार नेहमीची. त्यात बेण्याचा दोष क्वचितच असतो. सहा ते आठ आठवडे 10 अंशांखालची थंडी मिळाली नाही तर पाकळ्या फुटतच नाहीत. हिवाळा उबदार असेल तर तेवढे दिवस बेणं फ्रिजमध्ये ठेवून मग लावा; तरीही भरवसा कमीच, अशा ठिकाणी सॉफ्टनेक, म्हणजे कडक दांडा नसलेला लसूण बरा.

नत्र वसंताच्या सुरुवातीला द्या, गड्डा भरू लागला की थांबवा. डेंगळ्याला, म्हणजे फुलदांड्याला, एक वेढा पडला की तो कापा. ठेवला तर गड्डा लहान राहतो. कोवळा डेंगळा परतून छान लागतो, या वाणाचा तर चांगला जाडजूड.

काढणीची वेळ चुकणं सर्वांत महागात पडतं. खालची तीन-चार पानं वाळली आणि वर पाच-सहा हिरवी आहेत तेव्हाच खणा. एक हिरवं पान म्हणजे गड्ड्यावरचं एक आवरण. उशीर झाला की आवरणं फाटून पाकळ्या सुटतात, मग टिकाऊपणा गेलाच. सावलीत, वारा खेळेल अशा जागी तीन-चार आठवडे वाळवा.

नीट वाळवला तर सहा-आठ महिने टिकतो. चवीला रोकांबोल हा हार्डनेकचाच दुसरा गट याच्यापेक्षा सरस आणि सोलायलाही सोपा, पण तो तीन-चार महिन्यांतच पोकळ व्हायला लागतो. साठवण फ्रिजमध्ये मात्र नको, त्या गारव्यात कोंब फुटतात.