तपासणी मन लावून, नोंद मात्र अर्धवट

आईच्या हर्नियाच्या ऑपरेशनसाठी पुण्यातल्या एका खासगी हॉस्पिटलात चार दिवस होतो. मी ३० वर्षं ऑपरेशन थिएटरात सिस्टर होते. फाइल हातात आली की आधी भूलपूर्व तपासणीचा, म्हणजे पीएसीचा कागद उघडते.

तपासायला आलेल्या डॉक्टरांनी आईला चांगली वीस मिनिटं दिली. जिना चढताना दम लागतो का, घोरता का, आधीच्या भुलेत काही त्रास झाला का, सगळं विचारलं. तोंड उघडायला लावून घसा पाहिला, मान मागे करायला लावली. आईने कवळी काढून दाखवली, स्टेंट बसवल्याचंही सांगितलं. या तपासणीला पाचपैकी पाच.

संध्याकाळी कागद वाचला आणि पोटात गोळा आला. वजनाची चौकट रिकामी. दातांपुढे ‘एनएडी’, म्हणजे काही दोष नाही. मॅलमपटी ग्रेड, म्हणजे तोंड उघडल्यावर घसा किती दिसतो त्याची श्रेणी, तीही नाही. एएसए, म्हणजे भुलेआधीच्या तब्येतीची श्रेणी, तिथे १ ला गोल, म्हणजे ठणठणीत माणूस; स्टेंटवाली आई ३ मध्ये येते. औषधांत नुसतं ‘बीपीची गोळी’. क्लोपिडोग्रेलचं, म्हणजे रक्ताची गुठळी होऊ न देणाऱ्या गोळीचं, नाव नाही, शेवटची कधी घेतली तेही नाही. पाठीत भुलेची सुई द्यायची तर ही गोळी ५ ते ७ दिवस आधी थांबलेली लागते, नाहीतर मणक्यात रक्त साठून पाय लुळे पडू शकतात. आईची हार्टच्या डॉक्टरांनी आठवडाभर आधी थांबवली होती, पण कागदाला ते कुठे ठाऊक?

आणि तपासणारे एक, सकाळी भूल देणारे दुसरे! दुसऱ्याच्या हाती हाच कागद जाणार.

उपाशी ठेवण्यापुढेही फक्त ‘एनबीएम’, म्हणजे तोंडाने काही द्यायचं नाही; कधीपासून, ती वेळ नाही. साधं पाणी दोन तास आधीपर्यंत चालतं. वॉर्डने रात्री दहापासून घोटभरही दिलं नाही. ७२ वर्षांची आई, सकाळी ओठांना चिरा पडल्या होत्या.

भूल देणाऱ्या मॅडमचं मात्र मनापासून कौतुक. मी बोलायच्या आत त्या स्टूल ओढून बसल्या, आईला सगळं पुन्हा विचारलं, वजन करून घेतलं, गोळीची तारीख लिहिली, कवळी डबीत घालून माझ्या हाती दिली. नवं पान, वेळ टाकून सही. नोंदीचे पाचपैकी दोन गुण मी देतेय ते त्या पानामुळे.

डिस्चार्जच्या दिवशी त्या पानाची झेरॉक्स मागितली, लगेच मिळाली. आईच्या फाइलमध्ये आता ती सगळ्यात वर लावली आहे.