स्लॉट कारचा ट्रॅक: लाकडी की प्लास्टिकचा?

स्लॉट कार म्हणजे ट्रॅकमधल्या खाचेत धावणारी छोटी विजेवरची गाडी. खाचेच्या दोन्ही बाजूंच्या धातूच्या पट्ट्यांमधून तिला वीज मिळते आणि हातातल्या कंट्रोलरचा थ्रॉटल बोटाने दाबून वेग कमी-जास्त करायचा. ट्रॅकसाठी जागा कायमची मिळणार नसेल तर प्लास्टिकच घ्या. स्केलेक्स्ट्रिक किंवा कॅरेरा या कंपन्यांचे ट्रॅकचे तुकडे जोडले की तासाभरात शर्यत सुरू होते, कंटाळा आला की वळणं बदलता येतात आणि सगळं आवरून खोक्यात जातं. अडचण येते ती सांध्यांची. प्रत्येक जोडावर थोडा विद्युतदाब कमी होतो. त्यामुळे लांब ट्रॅकवर पॉवर सप्लायपासून दूरच्या भागात गाडी मंदावते. तिथे वेगळी वायर नेऊन जोडली की फरक लगेच जाणवतो.

लाकडी ट्रॅक म्हणजे बहुधा एमडीएफचा, म्हणजे लाकडाचे बारीक तंतू दाबून बनवलेला बोर्ड. त्यात राउटरने (लाकूड कोरायच्या यंत्राने) खाच पाडायची, दोन्ही बाजूंना तांब्याची टेप किंवा विणलेली पट्टी बसवायची. सांधे जवळजवळ नाहीत, वळण हवं तसं. काम मात्र चिकाटीचं आहे. एमडीएफची धूळ फार बारीक असते, मास्क लावाच. ओल लागली की बोर्ड फुगतो, म्हणून खालची बाजू आणि कडाही रंगवा.

खरा फरक चालवताना कळतो. प्लास्टिक ट्रॅकच्या पट्ट्या स्टीलच्या असतात, त्यामुळे गाडीखालचं चुंबक तिला वळणावर धरून ठेवतं. तांब्याला चुंबक चिकटत नाही. तिथे टायर, वजन आणि तुमचं बोट, एवढ्यावरच सगळं. गाडीचा मागचा भाग हळूच घसरतो आणि थ्रॉटल किती सोडायचा हे हाताला कळू लागतं. मला हाच खेळ आवडतो, म्हणून जागा असेल तर मी लाकडाच्या बाजूने. लहान मुलं चालवणार असतील तर मात्र चुंबकाचा आधार हवाच.