हलका कॉर्डलेस व्हॅक्यूम, आठ महिन्यांनंतर: ओढ कमी झाली की आधी फिल्टर बघा

खोक्यावर वजन १.४ किलो छापलेलं असतं. ते फक्त मोटर आणि बॅटरी असलेल्या वरच्या भागाचं. नळी आणि ब्रशचं हेड जोडून काट्यावर ठेवलं की अडीच किलोच्या आसपास भरतं. फरशीवर ढकलताना हे जाणवत नाही, कारण बराचसा भार हेडवर जातो. जळमटं काढायला मात्र मशीन वर धरावं लागतं आणि तीन-चार मिनिटांत मनगट बोलायला लागतं. त्या कामाला ब्रशचं हेड काढून नळीला थेट चपटं तोंड लावायचं, बराच फरक पडतो.

दुसरा फसवा आकडा पास्कलचा. २०-२५ हजार पास्कल हा दाब तोंड पूर्ण बंद करून मोजलेला असतो, म्हणजे तेव्हा हवा वाहतच नसते. केर उचलायला दाब आणि हवेचा प्रवाह दोन्ही लागतात. त्या दोन्हींचा गुणाकार म्हणजे एअरवॉट, आणि तो आकडा दिलेला असेल तर त्यावरच तुलना करावी.

बॅटरीचं गणित घरी मांडता येतं. सहा सेल, २१.६ व्होल्ट, २५०० एमएएच म्हणजे ५४ वॉट-तास. सगळ्यात हळू वेगाला साधारण १०० वॉट खर्च धरला तर अर्धा तास मिळतो. बूस्टला, म्हणजे सगळ्यात जोराच्या वेगाला, ३५० वॉट लागले तर नऊ मिनिटांत खेळ खलास. जाहिरातीतली ४० मिनिटं हळू वेगाची आणि बहुतेक वेळा मोटरने फिरणारा ब्रश न लावता मोजलेली असतात. दोन बेडरूमचं घर मधल्या वेगावर २०-२२ मिनिटांत होतं. बूस्ट फक्त गादी आणि सोफ्यासाठी राखून ठेवावा.

आता खरा त्रास. मशीन अचानक धाप लागल्यासारखं चालू-बंद, चालू-बंद करायला लागतं. मोटर गेली असं वाटून लोक सर्व्हिस सेंटर गाठतात, पण बहुतेक वेळा हवेची वाट अडलेली असते आणि मोटर तापू नये म्हणून सर्किट तिला थांबवत असतं. नळी आणि हेड काढून नुसता वरचा भाग चालवून बघा. धाप थांबली तर अडथळा नळीत किंवा हेडच्या गळ्यात आहे. तशीच राहिली तर डस्ट कप (केर साठतो तो डबा), आतली जाळी किंवा फिल्टर. नळीत गुंडाळलेला मोजा वरून सोडायचा. खाली पडला तर नळी मोकळी. तार किंवा सळई खुपसू नका. ब्रशच्या मोटरला वीज नेणाऱ्या वायर याच नळीतून जातात, म्हणून ती पाण्याने धुवायचीही नाही.

फिल्टर दोन असतात: स्पंजचा आणि अगदी बारीक धूळ अडवणारा घड्यांचा हेपा. स्पंज आठवड्याला झटकावा. धुता येणाऱ्या हेपावर नळाचं चिन्ह असतं, ते नसेल तर पाणी लावू नका. धुताना गार पाण्याची बारीक धार स्वच्छ बाजूने सोडायची, म्हणजे धूळ आली त्या वाटेने बाहेर पडते. साबण नको, गरम पाणी नको, ब्रशने घासणं तर अजिबात नको, कारण घड्यांचे तंतू फाटले की बारीक धूळ थेट मोटरकडे जाते. माहितीपत्रकात वाळवायला २४ तास लिहिलेले असतात, पण जुलै-ऑगस्टमध्ये पंख्याखाली ठेवूनही दोन-तीन दिवस लागतात. कोरडा झाला का, हे बोटाला कळत नाही. नवा असतानाच स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर त्याचं वजन करून ठेवा आणि धुतल्यावर एक-दोन ग्रॅमच्या फरकात आला की मगच बसवा. दमट फिल्टरवर धुळीचा चिखल होतो, कुबट वास सुटतो आणि ओल मोटरपर्यंत पोचते. फिल्टरचा दुसरा जोड मशीनबरोबरच घेतलेला बरा.

फिल्टर सगळ्यात लवकर मारते ती रांगोळी. दगडाची बारीक, जड पूड असते ती; घड्यांत बसली की झटकून निघत नाही आणि डस्ट कपचं पारदर्शक प्लॅस्टिकही खरवडते. दिवाळीत केरसुणी-सुपलीने भरून घ्या, मग ओलं फडकं फिरवा. सांडलेलं पीठ, पुट्टी घासल्याची धूळ आणि सिमेंट यांनाही हाच नियम. उदबत्तीची किंवा फटाक्यांची राख तर लावूच नये, आत ठिणगी असू शकते.

ब्रश फिरायचा थांबला तर आधी हेड नळीपासून वेगळं करा, मग बाजूची खिट्टी नाण्याने फिरवून रोलर बाहेर काढा. लांब केस आणि गजऱ्याचा दोरा रोलरवर दिसतात ते सोपे. कात्रीने खाचेतून आडवे कापले की निघतात. न दिसणारे केस टोकाच्या टोपणात बेअरिंगभोवती गुंडाळतात, तिथे घर्षणाने प्लॅस्टिक वितळतं. टोपण दर पंधरा दिवसांनी उघडून बघावं. सतरंजीच्या गोंड्यांवर ब्रश बंदच ठेवा.

रोलर साफ असूनही फिरत नसेल तर नळी वगळून हेड थेट वरच्या भागाला लावा. फिरलं तर दोष नळीच्या पिनांत. किनारपट्टीच्या खाऱ्या हवेत त्यांच्यावर हिरवट थर चढतो. बॅटरी काढून, कापसावर थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन पुसलं की बहुधा काम होतं. तरीही फिरलं नाही तर हेडची मोटर किंवा तिची वायर, ते घरचं काम नाही.

बूस्टवर चालवून लगेच चार्जिंगला लावलं की लाल दिवा लुकलुकतो. बॅटरी तापलेली असते. अर्धा तास थांबा. पिन बसते म्हणून लॅपटॉपचा १९ व्होल्टचा अडॅप्टर लावू नका: सहा सेल पूर्ण भरायला २५.२ व्होल्ट लागतात. महिनाभर गावी जायचं असेल तर बॅटरी निम्मी भरून ठेवा, पूर्ण भरून किंवा रिकामी नको. बाजारात स्वस्तात सेल बदलून देतात, पण सहाही सेल एकाच जातीचे आणि क्षमतेचे नसतील तर कमजोर सेल आधी मरतो आणि सगळा पॅक घेऊन जातो. वॉरंटी कार्डावर बॅटरीची मुदत वेगळी लिहिली आहे का, तेही बघून घ्या.

रोजच्या केराला केरसुणी अजून लागतेच, विशेषतः ओट्याखाली, जिथे फरशी ओली असते. पलंगाखाली, खिडकीच्या रुळांत, शहाबादीच्या सांध्यांत आणि गादीवर मात्र केरसुणीने हे काम जमत नाही. आठ महिन्यांनी मधल्या वेगावर बॅटरी टिकण्याचा वेळ १९ मिनिटांवर आला आहे, रोलरचे केस कडेला झिजलेत, आणि डस्ट कपच्या झाकणाचं रबर थोडं सैल झालंय. तिथून हवा गळते आणि ओढ कमी होते. रबर काढून, पुसून, उलटं फिरवून बसवलं की तात्पुरतं जमतं. नवं मागवताना मॉडेलचा पूर्ण क्रमांक द्या, दिसायला सारखी रबरं मापात बसत नाहीत.